पडलं कुठे, चुकलं कुठे?

मंडळी, लिनक्सवर सी भाषेत प्रोग्राम लिहिलेल्या प्रत्येकाने एक ओळ आयुष्यात कधी ना कधी पाहिलेली असते : 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड'. इंजिनिअरिंगला पॉइंटर शिकताना तर ती दिवसातून दहादा दिसते. सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे काय ते पुस्तकात असतं. पण हे 'कोअर' काय प्रकरण आहे? प्रोसेसरचे कोअर? नाही. त्याचा इथे काही संबंध नाही. हा शब्द आहे सत्तर वर्षांपूर्वीचा, आणि त्याची गोष्ट मजेशीर आहे. शिवाय, रोज क्रॅश निस्तरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या गोष्टीतून एक फार कामाची गोष्ट कळते. म्हणून आजचा शनिवार तिच्यासाठी.

१९५३ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये व्हर्लविंड नावाच्या संगणकाला नवीन प्रकारची मेमरी बसवली गेली. जे फॉरेस्टर हे त्या प्रकल्पाचे प्रमुख. फेराइटच्या बारीक बारीक कड्या, आणि त्यांच्यातून ओवलेल्या तारा. एक कडी म्हणजे एक बिट. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर शून्य, उलट दिशेने झाली तर एक. या कडीला म्हणायचे कोअर. पुढची जवळजवळ वीस वर्षं जगातल्या बहुतेक संगणकांची मेमरी म्हणजे हेच जाळं होतं, आणि त्यातलं बरंचसं माणसांनी हाताने विणलेलं! आपल्याकडे मुंबईत टीआयएफआरच्या लोकांनी बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० साली सुरू झाला (नाव मिळालं १९६२ मध्ये), त्यातही हीच फेराइट कोअर मेमरी होती.

या कड्यांचा एक गुण आजच्या रॅममध्ये नाही. वीज गेली तरी त्यांचं चुंबकत्व जात नाही. म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडला, मशीन थांबलं, तरी पडण्याच्या क्षणी मेमरीत जे काही होतं ते तसंच्या तसं शिल्लक. मग ती सगळी मेमरी प्रिंटरवर ओतायची आणि कागदावर वाचत बसायचं. ओतणे म्हणजे डंप. कोअर ओतली म्हणून कोअर डंप. १९७० च्या दशकात कड्या गेल्या, सिलिकॉनच्या चिप आल्या, पण शब्द चिकटला तो चिकटलाच. अजूनही युनिक्सच्या पोटातून पडणाऱ्या त्या फाइलचं नाव 'कोअर'च आहे.

आता हे कागद वाचायचे कसे? १९६४ साली आयबीएमने सिस्टिम ३६० जाहीर केली आणि पुढच्या काळात डंप वाचणं हा एक स्वतंत्र पेशाच झाला. रुंद कागदावर डावीकडे पत्ता, मध्ये सोळाच्या पायातले आकडे, उजवीकडे त्याच आकड्यांची अक्षरं, आणि जे छापता येत नाही तिथे नुसते ठिपके. अशी पानंच्या पानं. आमच्या ऑफिसात एक सीनियर आहेत, वायटूकेच्या वेळी मेनफ्रेमवर कोबोल केलेले. (त्या काळात पुण्या-मुंबईची बरीच मंडळी हेच करत होती.) ते सांगतात की पहिले काही महिने हा कागद म्हणजे मुंग्यांची रांग वाटते, आणि मग एक दिवस त्यात रस्ते दिसायला लागतात.

रस्ते दिसतात, कारण ते मुद्दाम ठेवलेले असतात. सिस्टिम ३६० वर रिवाज असा होता की एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलावलं की दुसऱ्याने आधी पहिल्याचे रजिस्टर अठरा शब्दांच्या एका जागेत जपून ठेवायचे. ती जागा कुठे आहे ते रजिस्टर १३ मध्ये. परत कुठे जायचं ते रजिस्टर १४ मध्ये. आणि अशी प्रत्येक जागा आधीच्या जागेकडे बोट दाखवते. म्हणजे मशीन पडलं की रजिस्टर १३ धरायचं आणि माग काढत मागे मागे जायचं. याला कोणी बोलावलं, त्याला कोणी बोलावलं... दुसरी युक्ती त्याहून साधी. महत्त्वाच्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला चार-आठ वाचता येणारी अक्षरं लिहून ठेवायची. मशीनला त्यांचा उपयोग शून्य. पण उद्या परवा कोणीतरी हा कागद घेऊन बसेल, त्याची नजर तिथे अडावी म्हणून. याला ते लोक 'आय-कॅचर' म्हणतात. न पाहिलेल्या, न भेटलेल्या वाचकासाठी मेमरीत पाटी लावून ठेवणं... मला हे फार आवडतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मेनफ्रेमवरचा सगळ्यात कुप्रसिद्ध क्रॅश म्हणजे एस०सी७. कोबोलवाल्या कोणालाही विचारा, नाव काढताच हसतील. बेरीज करायला गेले आणि ज्या जागी आकडा हवा तिथे आकडा नाहीच, असा त्याचा अर्थ. डंपमध्ये त्या जागी बघावं तर अनेकदा दिसतं '४०४०४०४०'. आयबीएमच्या अक्षरसंचात ४० म्हणजे कोरी जागा, स्पेस. म्हणजे पगाराच्या किंवा शिल्लक रकमेच्या रकान्यात कोणीतरी रिकाम्या जागा भरून ठेवल्यात. डंप स्पष्ट सांगतो की मशीन बेरजेच्या सूचनेवर पडलं. पण बेरजेची काय चूक? तिला जे दिलं ते तिने घेतलं. चूक केली ती फाइल भरणाऱ्या दुसऱ्याच प्रोग्रामने, कदाचित काल रात्री, कदाचित रेकॉर्डची लांबी बदलली तेव्हा सहा महिन्यांपूर्वी.

म्हणजे डंप हा पंचनामा आहे. वस्तू कुठे पडली होती, कशी पडली होती, आजूबाजूला काय होतं, हे तो चोख सांगतो. गुन्हा कोणी केला ते सांगत नाही. पडण्याची जागा आणि चुकण्याची जागा या दोन वेगळ्या जागा असतात, आणि त्यांच्यातलं अंतर मागे चालून काढावं लागतं. क्रॅशच्या इतिहासातली बहुतेक शहाणपणाची कामं हे अंतर कमी करण्यासाठी झाली आहेत, आणि बहुतेक गाढवपणा हे अंतर शून्य आहे असं समजल्यामुळे झाला आहे.

युनिक्सचं उदाहरण घ्या. युनिक्सच्या आधीची मल्टिक्स ही प्रणाली, तिच्यात चुकीतून सावरण्यासाठी प्रचंड कोड होता. मल्टिक्सवर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी एक किस्सा लिहून ठेवलाय. त्यांनी डेनिस रिचींना सांगितलं की आमचा अर्ध्याच्या आसपास कोड चुका सावरण्यातच जातो. रिचींचं उत्तर असं की आम्ही ते सगळं गाळून टाकलं. चूक झाली की 'पॅनिक' नावाचं एक फंक्शन आहे, ते मशीन पाडतं, मग आपण बाहेर पॅसेजमध्ये ओरडायचं की अरे, रीबूट करा! ऐकायला आळशीपणा वाटतो. पण त्यात एक सचोटी आहे. मेमरी बिघडलीय हे कळल्यावरही मशीन तसंच रेटलं तर तोच बिघाड डिस्कवर लिहिला जाईल, आणि मग चूक शोधायची जागा अजून लांब जाईल. लगेच थांबलं तर निदान माग ताजा असतो.

पडलेल्या मशीनने स्वतःचा डंप लिहायचा कुठे हाही प्रश्न होताच. फाइल सिस्टिम वापरायची तर तिच्याच मेमरीवर आता विश्वास नाही. बर्कली युनिक्सने उत्तर काढलं की डिस्कवरची स्वॅपची जागा आधीपासून माहीत असते, डोळे मिटून तिथे ओता. मशीन पुन्हा शुद्धीवर आलं की 'सेव्हकोअर' नावाचा प्रोग्राम ते उचलून नीट फाइलमध्ये ठेवेल. विंडोज एनटीच्या घराण्यातही हीच पद्धत आली. पेज फाइलमध्ये ओतायचं आणि पुढच्या वेळी सुरू होताना उचलायचं. बेशुद्ध होणाऱ्या माणसाने खिशातल्या ठरलेल्या कप्प्यात चिठ्ठी कोंबावी, तसं.

पण 'थांबणं' हे नेहमी बरोबर असतंच असं नाही. ४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन ५ या रॉकेटचं पहिलंच उड्डाण. वर चार क्लस्टर उपग्रह. सुमारे ३७ सेकंदांनी रॉकेटची दिशा सांगणाऱ्या संगणकात ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांत कोंबायचा प्रयत्न झाला. १६ बिटांत चिन्हासकट जास्तीत जास्त ३२,७६७ मावतं, संख्या त्याहून मोठी होती. राखीव संगणक ७२ मिलिसेकंद आधीच याच कारणाने पडला होता (दोघांत सॉफ्टवेअर एकच, मग राखीव ठेवून उपयोग काय!). मुख्य संगणक रीतसर थांबला आणि थांबताना त्याने आपली निदानाची माहिती, म्हणजे डंपचाच एक तुकडा म्हणा, तारेवर टाकली. मुख्य उड्डाण संगणकाने ती उड्डाणाची खरी माहिती समजून वाचली! रॉकेट चुकतंय असं समजून त्याने इंजिनांची तोंडं टोकापर्यंत वळवली. रॉकेट वाऱ्याच्या माऱ्याने मोडायला लागलं आणि त्याने ठरल्याप्रमाणे स्वतःला उडवून दिलं.

अवशेष खारफुटीच्या दलदलीत आणि माळरानावर पसरले. त्यातून दिशा सांगणारे दोन्ही संगणक शोधून काढले, आणि शेवटी पडलेल्या संगणकाच्या तपासणीची चौकशी समितीला बरीच मदत झाली. जगातला सगळ्यात चिखलातून काढलेला क्रॅश डंप हाच असावा :)

समितीचे अध्यक्ष होते जाक-लुई लिओन्स हे गणिती. १९ जुलै १९९६ च्या त्यांच्या अहवालाची खरी किंमत मला वाटते ती पुढच्या गोष्टीत. पडण्याची जागा काय, तर एक रूपांतर. एखादा म्हणेल, ज्याने ती ओळ लिहिली त्याला पकडा. समिती मागे चालत गेली. ती ओळ एरियन ४ साठी लिहिली होती आणि तिथे ती बरोबर होती, कारण एरियन ४ च्या मार्गात तो आकडा एवढा मोठा होतच नव्हता. सात संख्यांपैकी चारांना संरक्षण होतं, तिघांना नव्हतं, आणि तेही प्रोसेसरवरचा भार मर्यादेत राहावा म्हणून विचार करून ठरवलेलं. एरियन ५ चा मार्ग वेगळा होता, पण त्या मार्गाची माहिती घेऊन हा संगणक तपासलाच गेला नव्हता. वर कळस म्हणजे, गणित करणाऱ्या त्या भागाची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. तो फक्त चालू राहून गेला होता. आता सांगा, चूक कुठल्या ओळीत दाखवायची?

यानंतर क्रॅश घराघरात आला. १९९३ साली विंडोज एनटी आलं आणि त्याची निळी स्क्रीन. आमच्या पिढीने ती लहानपणी एक्सपीवर पाहिली. मोठ्या अक्षरात काहीतरी भयंकर, खाली आकडे, आणि कधीकधी एका फाइलचं नाव. ते नाव वाचून लोक ठरवून टाकायचे की हिचाच दोष. आणि नाव नसेल तर दोष बिल गेट्सचा! पण २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ड्रायव्हर वेगळे ठेवण्यावर जो पेपर लिहिला, त्यात एक आकडा दिलाय : एक्सपीच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी ८५ टक्के क्रॅश ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हर बहुतांशी बाहेरच्या कंपन्यांचे. एकाने दुसऱ्याच्या मेमरीत लिहायचं, आणि मग त्या दुसऱ्याने बिचाऱ्याने आपली मेमरी वाचायला जाऊन पडायचं. स्क्रीनवर नाव दुसऱ्याचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

यावर उपाय म्हणून विंडोज २००० मध्ये 'ड्रायव्हर व्हेरिफायर' आलं. ते ड्रायव्हरला मेमरी देताना तिच्या अगदी लगत वापरायला बंदी असलेलं पान ठेवतं. एक बाइट जरी हद्दीबाहेर लिहिला तरी मशीन तिथल्या तिथे पडतं. वरवर बघता मशीन जास्त वेळा पडतं, पण पडलं तिथेच चुकलं असं म्हणता येतं. अंतर शून्यावर आणण्याची ही खरी रीत.

आणि मग डंप वाचणारा माणूसच बदलला. २००१ साली एक्सपी आलं आणि प्रोग्राम पडला की चौकट यायची, 'एरर रिपोर्ट पाठवू का?'. आपण सगळे 'डोन्ट सेंड' दाबायचो. पण जगभरातून इतके लोक पाठवत होते की माणसाने वाचणं अशक्य. मग डंपांचे गठ्ठे करायचे, सारखे दिसणारे एका गठ्ठ्यात, आणि मोठा गठ्ठा आधी. २००२ साली स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं की २० टक्के बगांमुळे ८० टक्के चुका घडतात आणि एक टक्का बगांमुळे निम्म्या! पॅसेजमध्ये ओरडणाऱ्या माणसाला हे कधीच कळलं नसतं.

तरीही काही डंप गठ्ठ्यात बसत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००५ साली असा एक किस्सा लिहिला. ग्राहकाच्या मशीनचा डंप आला, त्यात प्रोग्राम एक रजिस्टर शून्य करणाऱ्या सूचनेवर पडलेला. ही सूचना मेमरीला हात लावत नाही. ती पडूच शकत नाही! शेवटी निघालं असं की प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवला जात होता. ग्राहकांपैकी काहींनी ते स्वतः केलं होतं. काहींना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. दुकानदाराने स्वस्त प्रोसेसर ताणून महागाच्या भावात विकलेला. म्हणजे मागे चालत चालत गेलं तर वाट थेट दुकानाच्या काउंटरवर पोचली.

अगदी अलीकडचं बघा. १९ जुलै २०२४, शुक्रवार. (एरियनच्या अहवालाला बरोबर २८ वर्षं झाली तो दिवस.) भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइकने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. तासा-सव्वातासात मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीनं निळी झाली होती. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरले. त्या दिवशी जो तो डंप उघडून नल पॉइंटर, नल पॉइंटर करत होता. ऑगस्टमध्ये कंपनीचा मूळ कारणांचा अहवाल आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी एक नवा साचा आणला, त्यात २१ रकाने. त्याला माहिती पुरवणारा कोड देत होता २०. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं होतं, म्हणून तो कोणी वाचलाच नाही. जुलैच्या त्या फाइलीने पहिल्यांदा वाचायला लावला, आणि तिथे काही नव्हतंच. चुकलं फेब्रुवारीत, पडलं जुलैत. मधले पाच महिने सगळं हिरवंगार!

आणि एकदा तर खुद्द डंपच आरोपी झाला. २०२३ साली स्टॉर्म-०५५८ या चीनमधल्या गटाने मायक्रोसॉफ्टची सही करण्याची एक किल्ली मिळवून अमेरिकी सरकारी खात्यांचे मेल वाचले. किल्ली मिळाली कशी? सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने लिहिलं की एप्रिल २०२१ मध्ये एक यंत्रणा पडली, तिच्या डंपमध्ये किल्ली गेली असावी आणि तो डंप डीबगिंगच्या जागी हलवला गेला. पटण्यासारखं होतं. डंप निवड करत नाही. मेमरीत पासवर्ड असेल तर पासवर्ड, कोणाचं पत्र असेल तर पत्र, सगळं ओततो. (म्हणून ग्राहकाचा डंप मेलवर इकडून तिकडे पाठवू नये, हे जाता जाता.) पण मार्च २०२४ मध्ये कंपनीलाच सांगावं लागलं की किल्ली असलेला असा डंप आम्हाला सापडलेला नाही. सोयीची जागा दिसली म्हणून तिथेच चूक होती असं नाही, हे डंपच्या बाबतीतही खरं निघालं.

हे सगळं मी का लिहितोय? कारण आमच्या धंद्यात रात्री सिस्टिम पडते, आणि सकाळी दहाच्या कॉलवर 'जबाबदार मॉड्यूल' या रकान्यात नाव भरायचं असतं. स्टॅकच्या सगळ्यात वरच्या ओळीवर ज्याचं फंक्शन, त्याचं नाव पडतं. बहुधा तो टीममधला सगळ्यात नवीन पोरगा किंवा पोरगी असते, कारण सगळ्यात वरची, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालणारी छोटी कामं त्यांच्याकडेच असतात. वर्षाच्या शेवटी अप्रेझलला ते नाव निघतं. एस०सी७ मध्ये बेरजेला दोष देण्यासारखंच आहे हे.

आणि आता तर माग काढायला माग उरेलच याची खात्री नाही. आजकाल प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतात. पडला की दोन सेकंदांत नवा उभा राहतो. पॅसेजमध्ये ओरडायचीही गरज नाही. डॅशबोर्ड हिरवा, साहेब खूश. जुन्या कंटेनरबरोबर त्याच्या पोटातली कोअर फाइलही गेली, जर ती लिहायला कोणी परवानगी दिली असेल तर. कित्येक सर्व्हरवर कोअर फाइलची मर्यादा शून्य ठेवलेली असते, डिस्क भरू नये म्हणून.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. आपल्या सर्व्हरवर ती मर्यादा किती आहे बघा, आणि कंटेनर मेल्यावर डंप कुठे जातो ते विचारा. कोणाला सांगता आलं नाही, तर रकान्यात नाव भरायच्या आधी तेवढं तरी कॉलवर बोला.

असो. चहा थंड झाला. भेटू पुढच्या शनिवारी.